उंबरठा नसलेले दुकान : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य



२ मार्च २०३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०३५ रोजी, येवल्याच्या घोषणेची शताब्दी येईल. दोन्ही तारखा एकाच जिल्ह्यातल्या. पहिल्या तारखेला अस्पृश्यांसाठी देवळाची दारे उघडा म्हणून हजारो माणसे पंचवटीत जमली. दुसऱ्या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. या दोन तारखांच्या मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या महार-चांभार वस्त्यांनी काय काय सोसले, याचा हिशेब अजून कुणी पुरता मांडलेला नाही.

शताब्दीची कामे आपल्या खात्याकडे येतील. समित्या नेमल्या जातील, निधी मंजूर होईल, बांधकामे सुरू होतील. लोक आठवण म्हणून घरी काय नेतील, हा प्रश्न मात्र आपल्याकडे नेहमी सर्वांत शेवटी निघतो. तोवर वेळ उरलेला नसतो. मग कुठल्या तरी ठेकेदाराच्या तयार यादीतून कीचेन, कॉफीचे मग आणि टी-शर्ट उचलले जातात आणि त्यांवर बाबासाहेबांचा फोटो छापला जातो. या वेळी तसे होऊ नये म्हणून आजच लिहिते आहे. दुकानांची आणि प्रदर्शनांची मांडणी करणे हा माझा व्यवसाय आहे आणि मी नाशिककर आहे, म्हणून हे सांगण्याचा मला थोडासा हक्क आहे असे मी मानते.

माझे मागणे असे : गोदाघाटाजवळ एक आणि येवल्याला घोषणा झाली त्या मुक्तिभूमीवर एक, अशी सत्याग्रहाच्या स्मरणवस्तूंची दोन लहान दुकाने शासनाने २०३० च्या आत उभी करावीत. ती कशी असावीत, याचा विचार चळवळीच्या आतून व्हावा.

दुकान या शब्दाने चळवळीतली अनेक माणसे अस्वस्थ होतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या बापाला विकायला काढू नका, असे ती म्हणतात. त्यांचा राग मला समजतो, पण माझे मत वेगळे आहे. या चळवळीची बाजारपेठ लोकांनी केव्हाच उभी केली आहे आणि ती फार चांगली बाजारपेठ आहे. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जा, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जा, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जा, १३ ऑक्टोबरला येवल्याला या. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. एका कडेला पिना मारलेल्या पातळ पुस्तिका, मधोमध राज्यघटना, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, धनंजय कीरांनी आणि खैरमोडे यांनी लिहिलेली बाबासाहेबांची चरित्रे, दुसऱ्या कडेला बिल्ले, लॉकेट, पंचशील झेंडे, निळ्या टोप्या आणि नव्या वर्षाची कॅलेंडरे. मागे सुतळीला लटकवलेल्या फोटोफ्रेमा. त्यापलीकडे प्लास्टरचे पुतळे, निळा कोट, डाव्या हाती संविधान. विक्रेता प्रत्येक पुतळा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी चष्म्याची दांडी बघतो. रंगवताना ती काळी रेघ कानाच्या वर सरकली, तर चेहरा बाबासाहेबांचा वाटत नाही. गिऱ्हाईकही पैसे देण्याआधी तेच बघते.

अशा ठिकाणी सर्वांत जास्त गर्दी पुस्तकांपाशी असते. स्वतःला वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाया नातवंडांसाठी पुस्तके मागतात. ‘सातवीतल्या पोराला कळंल असं द्या,’ असे म्हणतात. विक्रेता दोन पुस्तिका काढून देतो आणि कोणती आधी वाचायची तेही सांगतो. जगात फार थोड्या यात्रांतून लोक प्रसाद म्हणून पुस्तक नेतात. आपल्या राज्यात ही रीत सामान्य माणसांनी, कुणी न सांगता, घालून दिली आहे. दुकानाची रचना करणाऱ्याने पहिल्यांदा या रीतीपुढे नम्र व्हायला हवे.

शासन इथेच कमी पडले आहे, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड शासन प्रकाशित करते. रास्त किमतीत मिळणाऱ्या या खंडांसाठी लोक रांगा लावतात आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परततात. या खंडांची छपाई रखडल्याची बातमी ‘लोकसत्ता’ने दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा माझ्या कल्पनेतल्या दुकानाची पहिली अट सौंदर्याची नाही, पुरवठ्याची आहे. त्या दुकानात सगळे खंड वर्षभर, बाराही महिने मिळाले पाहिजेत. एखादा खंड संपला असेल तर तो कधी येणार, याची तारीख फळ्यावर लिहिलेली असावी. हे जमणार नसेल, तर बाकीच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नये.

आता सत्याग्रहाकडे येते, कारण दुकानाचा आकार त्यातूनच ठरायला हवा.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. सुमारे १५ हजार लोक आले होते. दुपारी मैलभर लांबीची मिरवणूक चौघाचौघांच्या रांगा करून, शिस्तीत, काळाराम मंदिराकडे गेली. दारे बंद होती. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, आणि ती मंदिराच्या चारही दारांवर बसवली होती. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. स्थानिक संघटनेचा मोठा भार त्यांच्यावर होता आणि पुढची पाच वर्षे त्यांनी तो वाहिला. ९ एप्रिलला रामरथ निघाला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा, असे आधी ठरले होते. ऐन वेळी करार मोडून रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. त्या दगडफेकीत बाबासाहेबही सापडले, त्यांच्या डोक्यावर सोबत्यांनी छत्र्या धरल्या.

गांधीजी दांडीयात्रेला निघाले ते १२ मार्च १९३० रोजी, म्हणजे नाशिकचा सत्याग्रह सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी. दांडीची गोष्ट शाळेतले प्रत्येक मूल सांगते, कारण तिच्याजवळ एक वस्तू आहे : चिमूटभर मीठ. नाशिकच्या सत्याग्रहाची अशी वस्तू कोणती? एकही नाही. कारण इथे लोकांना काही उचलता आले नाही. इथे बंद दारासमोर बसायचे होते. दिवसामागून दिवस, तुकडीमागून तुकडी, पाच वर्षे. बसून राहण्याची खूण वस्तूत कशी करायची, हा या दुकानाचा खरा अवघड प्रश्न आहे.

सोपे उत्तर मला आधीच दिसते. कुणीतरी फायबरचा काळा दरवाजा करील, वर ‘काळाराम’ असे लिहील आणि त्यातून आत शिरायला लावील. लोक दारात उभे राहून सेल्फी काढतील. सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेले ते मंदिर घाटाजवळ आजही उभे असताना त्याची नक्कल कशाला? आणि ज्या दारातून आजोबा-पणजोबांना आत घेतले नाही, त्या दाराची खोटी प्रत करून तिच्यातून त्यांच्या पणतूंना दुकानात घेणे मला क्रूर वाटते. थीम म्हणून सगळे दुकान निळे रंगवणेही मला नको आहे. निळा रंग झेंड्याचा आहे, भिंतीच्या डिस्टेंपरचा नाही. तो एका जागी, थोडा, पण ठसठशीत असावा.

माझा आराखडा वेगळ्या टोकाकडून सुरू होतो. या दुकानाला उंबरठा नसावा. रस्त्याची फरशी आणि दुकानाची फरशी एका पातळीत असाव्यात, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि काठी टेकत आलेली आजी कुणाचाही हात न धरता आत येतील. शटर दिवसभर वर. दाराशी माणूस नको, आत येणाऱ्याची पिशवी तपासणे तर मुळीच नको. आत काउंटर नसावा. काचेचे कपाटही नसावे. प्रत्येक वस्तू उघड्यावर, हाताला येईल अशा उंचीवर ठेवलेली असावी आणि तिला कुणीही हात लावावा.

हा माझा हट्ट आहे, कारण हा सगळा लढा हात लागण्याचाच होता. आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी सांगितलेले आठवते : दुकानदार माल वरून टाकायचा, खाली फडके धरायचे. पैसे पायरीवर ठेवायचे, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. माल निवडून घ्यायचा प्रश्नच नव्हता, मिळेल ते घ्यायचे. म्हणून या दुकानात वस्तू निवडणे हेच स्मरण आहे. तिथे काम करणाऱ्या मुला-मुलींना एकच नियम पक्का शिकवावा : वस्तू हातात द्यायची, सुटे पैसे हातात द्यायचे. टेबलावर ठेवायचे नाहीत. भिंतीवर लिहून हे समजावण्याची गरज नाही. ज्याला कळायचे त्याला कळेल.

आत शिरल्यावर डाव्या हाताला पाणी असावे. नाशिकच्या तांबट कारागिरांनी घडवलेला तांब्याचा हंडा आणि फुलपात्रे, आणि शेजारी फुलपात्र धुवायला नळ. पंचवटीत गंगाजल भरून विकायचे तांब्याचे गडू दारोदार मिळतात. इथले पाणी फुकट असावे, सगळ्यांनी तीच फुलपात्रे वापरावीत. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन जो लढा उभा राहिला, तो तीन वर्षांनी नाशिकच्या दारात पोहोचला, हे पाणी पिताना कुणाच्या तरी मनात येईल.

बसण्यासाठी लांब बाक हवेत, पुस्तक उघडून वाचता येईल असे. एका कोपऱ्यात लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी ऐकण्याची सोय हवी. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, नाशिक जिल्ह्याचे. खेड्यापाड्यांत वाचता न येणाऱ्यांना चळवळ कळली ती शाहिरांच्या आणि गायनपार्ट्यांच्या गळ्यातून. गाण्यांच्या छोट्या वह्या आजही स्टॉलवर विकल्या जातात. त्या इथे नीट छापून, कवीचे नाव ठळक देऊन ठेवाव्यात. पुष्कळ वह्यांवर गीतकाराचे नावच नसते.

आता विकायच्या वस्तूंबद्दल. मी फार थोड्या वस्तूंची शिफारस करते. प्रत्येकीला या जिल्ह्याचा हात लागलेला असावा आणि प्रत्येकीमागे एक खरी गोष्ट असावी.

येवला हे पैठणीचे गाव. मुक्तिभूमीकडे येणारा माणूस पैठणीच्या दुकानांच्या रांगांमधूनच येतो, पण या दोन येवल्यांची एकमेकांशी ओळख नाही. ती दुकानाने करून द्यावी. हजारोंची पैठणी शिदोरी बांधून एसटीने आलेली बाई घेणार नाही. पण त्याच मागावर दोन बोटे रुंदीची, वीतभर लांबीची रेशमी पट्टी विणता येते, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. पैठणीचा पदर विणताना विणकर रेशमाच्या लहान लहान तिल्ल्या हाताने एकेका धाग्यात गुंफत जातो. नक्षी छापलेली किंवा भरलेली नसते, कापडाबरोबरच ती विणली जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. नक्षी नव्याने शोधायचीही गरज नाही. अजिंठ्याचे कमळ पैठणीच्या नक्षीकामात आधीपासूनच आहे. बुद्धाच्या लेण्यातले कमळ येवल्याच्या मागावर विणले जाते आणि त्याच येवल्यात बुद्धाकडे जाणाऱ्या वाटेची पहिली घोषणा झाली. ही पट्टी पुस्तकाबरोबरच विकावी, एकटी विकू नये. विणकराचे नाव आणि त्याला मिळालेली मजुरी पाकिटावर छापावी.

टपाल तिकिटांचीही एक गोष्ट आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची तिकिटे छापली जातात. बाबासाहेबांचे पहिले टपाल तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले. दादासाहेब गायकवाडांच्या जन्मशताब्दीला, २००२ मध्ये, त्यांचेही तिकीट निघाले. टपाल खात्याशी बोलून चळवळीवरच्या तिकिटांचा एक संच आणि सत्याग्रहाच्या शताब्दीचे विशेष पाकीट काढता येईल. दुकानातच टपालपेटी असावी आणि २ मार्चचा खास शिक्का असावा. येणाऱ्याने तिथेच बाकावर बसून गावी पत्र लिहावे. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे हा या सत्याग्रहाचा मोठा पुरावा आहे. १९३४ च्या मार्चमध्ये त्यांनी दादासाहेबांना लिहिले ते तर प्रत्येकाने वाचावे असे आहे. मूर्तिपूजेची ओढ म्हणून आपण हा लढा सुरू केला नाही, दलित समाजाला चेतवण्याचा आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो उत्तम मार्ग वाटला म्हणून सुरू केला, असे त्यात त्यांनी समजावले आहे. देवळात जायचेच होते तर धर्म का सोडला, असे आजही लोक विचारतात. त्याचे उत्तर या पत्रात आहे. या पत्राची हुबेहूब प्रत, मराठी अनुवादासह, दहा रुपयांत मिळाली पाहिजे. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांच्या पहिल्या अंकांची पहिली पाने, भिंतीवर लावता येतील अशा आकारात, तशीच मिळावीत. शाळांना ती फुकट द्यावीत.

किमतीबद्दल माझा आग्रह आहे : दुकानातल्या निम्म्या वस्तू पन्नास रुपयांच्या आत हव्यात. येवल्याला येणारे बहुतेक जण त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात.

काय विकू नये, यावर मी अधिक ठाम आहे. बाबासाहेबांचा चेहरा खाण्याच्या, पुसण्याच्या, पायात घालण्याच्या किंवा वापरून फेकून देण्याच्या कुठल्याही वस्तूवर नको. चे गव्हेरा यांचा छायाचित्रकार कोर्दा यांनी १९६० मध्ये टिपलेला फोटो जगभर इतक्या वस्तूंवर छापला गेला की शेवटी तो वोडकाच्या जाहिरातीत आला आणि म्हाताऱ्या कोर्दांना २००० साली कोर्टात जावे लागले. चेहरा उरला, माणसाने काय सांगितले ते गळून गेले. दुसरे, अपमानाच्या खुणांचे खेळणे करू नये. गळ्यातले मडके, कमरेचा झाडू यांच्या छोट्या प्रतिकृती मी एका प्रदर्शनाच्या आराखड्यात विक्रीसाठी सुचवलेल्या पाहिल्या आहेत. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ती वस्तू कुणाच्या शोकेसमध्ये जाऊन बसणार, आणि ती पाहून कुणाच्या मुलाला पुन्हा मान खाली घालावी लागणार? या वस्तू संग्रहालयात, संदर्भासह असाव्यात. विकत मिळू नयेत. रथाच्या दोरीचेही तसेच.

या बाबतीत ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीकडून मला फार शिकायला मिळाले. ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या संघटनेने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे आपले रंग ठरवले आणि लंडनसह अनेक शहरांत स्वतःची दुकाने काढली. तिथे बिल्ले, पट्टे, पुस्तिका, वृत्तपत्र, चहा, घरात खेळायचे पटावरचे खेळसुद्धा मिळत. पैसा चळवळीकडेच जाई आणि दुकान हेच कार्यकर्तीला गाठायचे ठिकाण असे. म्हणजे चळवळीने दुकान काढणे हा कमीपणा नाही, फक्त दुकान चळवळीचे असले पाहिजे. पण त्यांची एक वस्तू विकत मिळत नसे. तुरुंगात जाऊन आलेल्या बायकांना १९०९ पासून एक चांदीची पिन दिली जाई. होलोवे तुरुंगावरून तिचे नाव पडले. सिल्व्हिया पँखर्स्ट यांनी तिची रचना केली होती : लोखंडी जाळीचे दार आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवर असायची तशी बाणाची खूण. ती पिन कुठल्याही किमतीला मिळत नसे. तुरुंगवास भोगलेला असावा लागे.

नाशिकच्या दुकानातही अशी एक न विकायची वस्तू असावी, ही माझी सर्वांत मोठी विनंती आहे. काळारामचे बंद दार, तांब्यात, अंगठ्याच्या नखाएवढे. मागे २ मार्च १९३० ही तारीख आणि एक कोरी जागा. ज्या घरातला माणूस सत्याग्रहात होता त्या घराला ती द्यावी आणि त्या कोऱ्या जागेवर त्या माणसाचे किंवा बाईचे नाव, गावासह, कोरून द्यावे. म्हणजे बसून राहिलेल्या माणसांची वस्तू त्यांच्या घरात जाईल.

त्यासाठी आधी नावे हवीत. हजारोंनी सत्याग्रही म्हणून नावे नोंदवली, कित्येक जण तुरुंगात गेले, आणि आपण सगळे मिळून आज डझनभर नावे घेतो. दादासाहेब, अमृतराव रणखांबे, देवराव नाईक आणि आणखी थोडे. पहिल्या तुकडीतल्या पंचवीस बायकांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती आणि माहिती गावोगाव फिरून जमवली. दोन बायकांनी स्वतःच्या हिमतीवर हे केले. शासनाकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारखी (बार्टी) संस्था आहे, जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, समाजकार्याचे विद्यार्थी आहेत. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, इगतपुरीच्या वाड्यावस्त्यांवर अजून अशी म्हातारी माणसे आहेत, ज्यांचे आईबाप त्या दारात बसले होते. तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या नोंदी आहेत, बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राच्या फायली आहेत. ही माणसे २०३० पर्यंत थांबणार नाहीत. नामावलीचे काम याच वर्षी सुरू व्हावे. ती छापून होईल तेव्हा दुकानातले पहिले पुस्तक तीच असेल आणि तिच्या मागे कोरी पाने असतील, राहून गेलेली नावे घरच्यांनी येऊन सांगावीत म्हणून.

चालवायचे कुणी, हा प्रश्न थोडक्यात घेते, पण त्यावर सगळे अवलंबून आहे. ई-टेंडर काढून एखाद्या मोठ्या कंपनीला दुकान देऊ नये. अनेक वर्षे उन्हातान्हात प्लॅस्टिकचा कागद अंथरून ज्यांनी पुस्तके विकली, त्यांच्या सहकारी संस्थेकडे आणि महिला बचत गटांकडे ते द्यावे. त्यांना कोणत्या गावाला कोणते पुस्तक लागते ते पाठ आहे. आणि दुकान झाले म्हणून बाहेरचे स्टॉल उठवू नयेत. उलट १३ ऑक्टोबरला त्यांना जागा, वीज, पाणी आणि पावसापासून आडोसा फुकट मिळावा. नव्या दुकानाच्या भीतीने कुणाचा पाल उठला, तर हे पत्र मी लिहिले नसते तर बरे, असे मला वाटेल. दर महिन्याचा जमाखर्च दाराशी फळ्यावर लिहावा. चळवळीच्या जुन्या पावतीपुस्तकांत चार आण्यांचीही नोंद असे.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. रामकुंडाच्या परिसरात मोठी कामे होतील, लाखो लोक येतील आणि घाटावरच्या प्रत्येक चौरस फुटाचा वापर तेव्हा ठरून जाईल. सत्याग्रहाच्या दुकानासाठी जागा मागायची ती याच काळात, नंतर मागितली तर मिळणार नाही. घाटावर २ मार्चची सभा झाली होती, म्हणून जागा तिथेच मागावी. मंदिराच्या दारात मागू नये, तिथे भांडणाशिवाय काही होणार नाही. दुकानातून निघून चारही दारांपर्यंत चालत जाता येईल असा एक साधा नकाशा तेवढा हातात द्यावा. कुंभाला आलेला बिहारचा किंवा कर्नाटकचा यात्रेकरूही तो घेईल, म्हणून हिंदी आणि कन्नडमध्येही छापावा. या नदीवर आणखीही काही घडले होते, हे त्याला तिथेच कळेल.

मंत्रिमहोदय, या पत्राबरोबर आराखडा पाठवण्याची माझी तयारी आहे आणि त्याचे मी मानधन घेणार नाही. आपण तीन गोष्टी तातडीने कराव्यात : सत्याग्रहींची नामावली करण्याचा आदेश द्यावा, गोदाघाटाजवळची एक जागा राखून ठेवावी आणि शासनाचे ग्रंथ छापखान्यातून बाहेर काढावेत. आणि हे वाचणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येकाला विनंती : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ आज बसा, १९३० साली आपल्या घरातले कोण नाशिकला गेले होते ते विचारा आणि नाव, गाव, आडनावासह लिहून ठेवा.

आपली,
एक नाशिककर